मेरी लूचा डावा हात आणि तिचं उघडं दार

आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या एका बाईची हकिकत सांगणार आहोत. तिचं नाव मेरी लू विल्यम्स. ती पियानो वाजवायची, जॅझ नावाचं संगीत रचायची आणि भल्याभल्या वादकांना शिकवायची.

जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. चाल सगळ्यांना ठाऊक असते, पण वाजवणारा तीत दर वेळी स्वतःची भर घालतो. आपल्या भजनात एखादी मुरलेली बाई ओळ तीच ठेवून नवी जागा घेते ना, तसंच काहीसं. हे सूर आपल्या कानाला अगदीच परके नाहीत. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' चित्रपटात (1951) जो ट्रंपेट वाजतो, तो गोव्याच्या चिक चॉकलेटचा. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे असे बरेच गोव्याचे वादक सिनेमाच्या संगीतात आले.

आता पियानोबद्दल थोडं. आपल्या पेटीला एक हात भात्यावर ठेवावा लागतो, सूर दुसऱ्या हाताने काढायचे. पियानोत भाता नसतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. उजवा चाल खेळवतो, डावा खालच्या जाड सुरांवर ठेका धरतो. मेरी लूचा हा डावा हात फार जबर होता. तालवाद्य साथीला नसलं तरी तिचं वाजवणं चालत राही, ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलायचा.

ती जन्मली अटलांटा शहरात, 8 मे 1910 रोजी. आई घरी ऑर्गन वाजवायची. तीन-चार वर्षांची मेरी आईच्या मांडीवर बसलेली असायची, आणि एक दिवस आईने वाजवलेलं तिने जसंच्या तसं वाजवून दाखवलं. पुढे घर पिट्सबर्गला गेलं. तिथल्या गोऱ्या शेजाऱ्यांनी या काळ्या कुटुंबाच्या घरावर विटा फेकल्या. पोर त्यांच्याच घरी जाऊन पियानो वाजवू लागली, तेव्हा कुठे ते थांबलं. लहान वयातच तिच्या वाजवण्याचे पैसे घरखर्चाला लागत होते.

सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॉन विल्यम्सशी तिचं लग्न झालं. नवरा अँडी कर्कच्या बँडमध्ये होता, तिला मात्र तिथे जागा नव्हती. त्या दिवसांत तिने प्रेतं वाहून नेणारी गाडीसुद्धा चालवली. 1929 मध्ये तबकडी भरायच्या वेळी बँडचा पियानोवाला आलाच नाही, म्हणून हिला बसवलं. पुढच्या वेळी बँड शिकागोला गेला तो पुन्हा हिला मागे ठेवून. पण तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा माणूस, जॅक कॅप, त्याने ऐकताक्षणी ओळखलं की हा तो बँड नाही. ती मुलगी कुठे आहे, असं त्याने विचारलं आणि तिला बोलावून घेणं भाग पडलं. 1930 मध्ये तिच्या एकटीच्या वादनाची तबकडी निघाली. तिच्या हक्काचे पैसे आपल्याला कधी मिळाले नाहीत, असं ती नंतर सांगायची.

सुरुवातीला तिला स्वरलेखन येत नव्हतं. कुठलं वाद्य केव्हा काय वाजवेल हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं आणि कर्क ते कागदावर उतरवून घ्यायचा. मग ती स्वतःच लिहायला शिकली. आमच्या मते तिच्या आयुष्यातली मोठी गोष्ट हीच. डोक्यातलं कागदावर उतरलं की ते दुसऱ्या बँडला देता येतं, त्यावर स्वतःचं नाव घालता येतं. 1937 मध्ये तिने बेनी गुडमनच्या बँडसाठी 'रोल एम' लिहिलं आणि ते फार गाजलं. फक्त माझ्यासाठीच लिही, असं गुडमन म्हणाला. तिने नाही म्हटलं. पुढे ड्यूक एलिंग्टनच्या बँडसाठीही तिने लिहिलं.

तिला एक कौतुक नेहमी ऐकावं लागे: बाई असून पुरुषासारखी वाजवते. याला कौतुक म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

1940 नंतरच्या वर्षांत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, हॅमिल्टन टेरेसवर तिचं घर होतं. रात्री ती क्लबात वाजवायची. काम संपवून पहाटेच्या सुमारास तरुण वादक तिच्या घरी जमायचे: थेलोनियस मंक, बड पॉवेल, टॅड डॅमरन, डिझी गिलेस्पी. हे लोक तेव्हा जॅझची नवीच तऱ्हा काढत होते, बीबॉप नावाची. जुन्या वादकांतले बरेच जण नाक मुरडत होते. मेरी लू या पोरांपेक्षा वयाने मोठी, नाव कमावलेली. पण ती त्यांचं नवं रचलेलं ऐकायची, चुकलं तिथे सांगायची, आणि स्वतःही त्यांच्याकडून उचलायची. म्हणूनच तिचं वादन एका काळात अडकलं नाही. 1936 च्या तिच्या एका रचनेतला तुकडा मंकच्या 'रिदम-ए-निंग'मध्ये सापडतो. आज जगभर ती धून मंकची म्हणून वाजते. शिवाय त्या काळात रेडिओवर तिचा स्वतःचा पियानोचा कार्यक्रम होता, हे आम्हा रेडिओवाल्या बायांना विशेष आवडलं. बारा राशींवरचं 'झोडियाक स्वीट' तिने 1945 मध्ये रचलं, आणि एकेका राशीत त्या राशीवर जन्मलेल्या ओळखीच्या कलावंतांना बसवलं.

1954 मध्ये पॅरिसमध्ये असताना तिने वाजवणं सोडून दिलं. न्यूयॉर्कला परतल्यावर ती प्रार्थनेकडे वळली, कॅथलिक झाली. व्यसनात बुडालेल्या, आजारी पडलेल्या वादकांना तिने आपल्या त्याच घरात ठेवून घेतलं, त्यांना रांधून घातलं. त्यांच्या मदतीसाठी जुन्या वस्तूंचं दुकानही चालवलं. 1957 मध्ये न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात डिझी गिलेस्पीने तिला पुन्हा मंचावर आणलं. घरी जमणाऱ्यांपैकीच तो एक.

दुसऱ्याच वर्षी हार्लेममध्ये 57 जॅझ वादक-गायकांचा एक फोटो काढला गेला. तो फार प्रसिद्ध आहे. त्यात बाया तीनच, आणि मेरी लू पुढच्या बाजूला उभी आहे.

शेवटची काही वर्षं, 1977 पासून, ती ड्यूक विद्यापीठात शिकवत होती. 28 मे 1981 रोजी ती गेली.

गटात कुणाच्या मोबाईलवर जमलं तर तिचं 'नाईट लाईफ' लावा. ही ती 1930 ची तबकडी. आवाज जुना आहे, थोडी खरखर येईल. पहिल्यांदा ऐकताना चाल सोडून द्या, डाव्या हाताकडे कान द्या.