मुखवटे, बोहाड्याचे : घडण, नक्कल व जपणूक

पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागात, मुख्यतः जव्हार व मोखाडा तालुक्यांत, पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत होणाऱ्या बोहाडा (भोवाडा) या रात्रीच्या उत्सवात सोंगे नाचवताना तोंडावर बांधतात ते मुखवटे. कोकणा, वारली, ठाकर, महादेव कोळी या समाजांचा हा उत्सव. गणपती, रावण, नरसिंह, त्राटिका, वेताळ अशी सोंगे संबळ-पिपाणीच्या साथीने येतात आणि देवी व महिषासुराच्या युद्धाला मोठे महत्त्व असते. अनेक गावांत ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे असते. कागदाचा मुखवटा फार टिकत नाही. तो विरला की त्याच देवाचा दुसरा होतो, म्हणून नाचणारा जवळजवळ प्रत्येक मुखवटा आधीच्या एखाद्याची नक्कल असतो. बोहाड्यापुरता ‘नक्कल’ हा शब्द कमीपणाचा मानण्याचे कारण नाही. या मुखवट्यांची जपणूक नक्कल थांबवून होत नाही, नक्कल कशी करायची हे जाणणारे हात जपून होते, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

घडणीची रीत साधी दिसते. मातीचा चेहरा घडवायचा, त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे थर चढवायचे, वाळले की कवच सोडवून घ्यायचे, डोळ्यांची भोके पाडायची, पांढरा हात देऊन रंगवायचे. कसब असते ते वजनात. दशमुखी रावण रुंदीला मोठा, आणि तो मानेवर तोलून नाचायचे असते, म्हणून थर किती आणि कुठे पातळ ठेवायचा हे नाच ठरवतो. रंग भडक आणि रेषा जाड असतात, कारण हा चेहरा उजेडाच्या हलत्या झोतात, दूर बसलेल्या माणसाला ओळखता आला पाहिजे. पूर्वी लाकडी मुखवटेही होत. कागदाने वजन उतरले, पण दमट हवा, वाळवी आणि कसर हे तीन वैरी आले. लगद्यात मेथी घालण्याची आपल्याकडची जुनी युक्ती किडीवर काही अंशी चालते, पावसापुढे नाही.

नक्कल दोन प्रकारची असते, आणि हा भेद विज्ञानपटांतील वस्तूंच्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या जगात स्पष्ट दिसतो. त्या जगातही मूळ वस्तू अल्पायुषी असतात. काही आठवड्यांच्या चित्रीकरणापुरते बनवलेले रबरी व फोमचे मुखवटे काही दशकांत ठिसूळ होऊन झडतात आणि मागे प्रतिकृतीच उरतात. एक वाट वस्तूवरून साचा काढण्याची. ती झटपट आहे, पण साचा व ओतीव माल दोन्ही थोडे आकसतात, कडा बोथट होतात, आणि नकलेवरून नक्कल काढत गेले की प्रत्येक पिढीत चेहरा पुसट होत जातो. दुसरी वाट मूळ कसे घडले ते समजून पुन्हा घडवण्याची. बोहाड्याची परंपरा या दुसऱ्या वाटेची आहे. तीत नाक थोडे लांबेल, मिशी वेगळी वळेल, पण रेषेतला जोर पिढीगणिक घटत नाही.

कायद्याचे लक्ष मात्र वस्तूकडे असते. ‘स्टार वॉर्स’ (1977) मधील शिपायांची शिरस्त्राणे मातीच्या नमुन्यावरून, तापवलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर हवेच्या दाबाने बसवून, अँड्र्यू एन्सवर्थ यांनी बनवली होती. पुढे त्यांनी तशीच शिरस्त्राणे विकायला काढली तेव्हा चित्रपटाची कंपनी लुकासफिल्मने दावा केला. 2011 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिरस्त्राणे ‘शिल्प’ नाहीत, चित्रपट बनवण्यातील उपयोगाची वस्तू आहेत, असे ठरवले. अमेरिकी स्वामित्वहक्काच्या भंगाचा दावा मात्र इंग्रजी न्यायालयात चालू शकतो असेही म्हटले. भारताच्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात ‘शिल्पा’त साचे व नमुने येतात आणि कलात्मक कारागिरीलाही जागा आहे. पण नोंदणीयोग्य असूनही न नोंदवलेल्या वस्तुरचनेच्या, हक्कदाराने किंवा त्याच्या परवानगीने, औद्योगिक प्रक्रियेने 50 हून अधिक प्रती निघाल्या की त्या रचनेवरील हक्क संपतो. बोहाड्याच्या जुन्या चेहऱ्यांना तर कर्ताच माहीत नाही. कारागिराचा हक्क नव्या मुखवट्यात त्याने स्वतःची जेवढी भर घातली तेवढ्यापुरता.

कागद टिकत नाही, मग फायबरचे मुखवटे करावेत, असे सुचवले जाते. बोईसरची तारापूर औद्योगिक वसाहत रसायनांसाठी प्रसिद्ध, आणि राळ, काचतंतू, साचा एवढ्यावर मुखवटा पावसालाही टिकतो. हा युक्तिवाद हलका नाही. वाळवीने खाल्लेला देव पाहणे कोणालाच नको असते. परंतु फायबर जेवढे टिकते तेवढेच काम थांबते. पुन्हा घडवण्याची गरज पडली नाही तर मुलाने बापाकडून शिकावे असे काही उरत नाही, आणि साचा ज्याच्याकडे, नक्कल त्याच्याकडे. फायबर घाम शोषत नाही, ही नाचणाऱ्याची अडचण वेगळीच. दुसरा पर्याय संग्रहालयाचा. जुने नमुने तिथे जरूर असावेत, रंगांचे थर आणि आतली बांधणी पाहायला त्यांचा मोठा उपयोग. तरी कपाटातला मुखवटा आकार सांगतो, तोल सांगत नाही.

भौगोलिक मानांकनाचा मार्ग अधिक आशादायक वाटतो. वारली चित्रकलेला 2014 मध्ये आणि बंगालमधील पुरुलियाच्या छाऊ मुखवट्यांना 2018 मध्ये ते मिळाले आहे. त्याची मर्यादाही ओळखायला हवी: मानांकन नावाचे रक्षण करते, रूपाचे नाही. ‘आदिवासी मुखवटा’ म्हणून तोच चेहरा दुसरीकडे ओतून विकणाऱ्याला ते अडवत नाही. नाव राखले तर निदान जव्हारचा कारागीर आपल्या मालाची वेगळी किंमत मागू शकतो, आणि एवढ्यानेही एखाद्या घरात माती कालवली जाईल.

1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. उत्सवाचे चित्रण करणाऱ्याचा आपल्या चित्रपटावरील हक्क 60 वर्षे चालतो. सोंग नाचवणाऱ्यालाही कलावंत म्हणून आपल्या प्रयोगावर 50 वर्षांचा हक्क आहे. चित्रण करायला येणाऱ्याने नाचणाऱ्याची संमती लेखी घ्यावी आणि त्याच कागदावर मुखवटा कोणी घडवला ते नाव टाकावे, एवढे गावाने ठरवायला नव्या कायद्याची गरज नाही.