न धुतले जाणारे रक्त : ‘मॅकबेथ’ आणि इतिहास

इ. स. १६११ च्या एप्रिलमध्ये सायमन फोरमन या लंडनमधील ज्योतिषी-वैद्याने ग्लोब नाट्यगृहात ‘मॅकबेथ’चा प्रयोग पाहिला आणि त्याची टिपणे करून ठेवली. राजाच्या खुनानंतर पतिपत्नींच्या हातांवरील रक्त काही केल्या धुतले जाईना, ही गोष्ट त्याच्या मनात विशेष ठसलेली दिसते. चार शतकांपूर्वीच्या एका सामान्य प्रेक्षकाने या शोकांतिकेचे मर्म असे अचूक हेरले होते.

नाटकाच्या आरंभीचे रक्त मात्र कलंकाचे नाही. रणांगणातून आलेल्या जखमी सैनिकाचे रक्त त्याच्या इमानाची साक्ष देते. राजा डंकन त्याचा गौरव करतो. त्याच रणातील पराक्रमाने मॅकबेथला नवी सरदारकी लाभते. पुढे तेच शस्त्र निद्रिस्त राजावर चालते आणि रक्ताचा अर्थ पालटतो. दुसऱ्या अंकात मॅकबेथला वाटते, आपल्या हातांनी समुद्रही लाल होईल. त्याच्या पत्नीला वाटते, ओंजळभर पाणी पुरे. पाचव्या अंकात हा हिशेब उलटतो. मॅकबेथचे मन निबर झाले आहे, आणि ती झोपेत चालत, इतर कोणालाही न दिसणारे डाग चोळीत राहते. आता रक्त हातांवर नाही. ते स्मृतीत आहे.

परंतु रक्त म्हणजे वंशही. आपण ‘रक्ताचे नाते’ म्हणतो, तोच अर्थ येथे आहे. झोपलेल्या डंकनमध्ये पित्याचा भास झाला म्हणून लेडी मॅकबेथचा हात थबकतो. मॅकबेथची खरी व्यथाही हीच, की सांडलेल्या रक्ताचे फळ आपल्या नव्हे, बँकोच्या रक्ताला मिळणार.

या व्यथेमागे तत्कालीन राजकारण होते. स्कॉटलंडचा सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला. त्याचे स्ट्युअर्ट घराणे स्वतःला बँकोचे वंशज मानीत असे. शेक्सपिअरचा आधार असलेल्या हॉलिन्शेडच्या बखरीत बँको खुनाच्या कटात सामील आहे. नाटकात तो निष्कलंक आहे. राजाच्या पूर्वजाचे हात रंगमंचावर रक्ताने माखलेले दाखविणे परवडणारे नव्हते, असे अनुमान यावरून सहज निघते.

प्रत्यक्ष इतिहास आणखी निराळा आहे. डंकन वृद्ध नव्हता; तो तरुण होता, आणि १०४० मध्ये शयनगृहात नव्हे, तर लढाईत मारला गेला. मॅकबेथने सतरा वर्षे राज्य केले. १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेलाही गेला होता. इतका दीर्घ काळ राज्य सोडून जाणारा राजा गादीवर निर्धास्त असला पाहिजे. त्याची पत्नी ग्रुओख स्वतः राजवंशातली होती, आणि १०५७ मध्ये मॅकबेथ पडल्यावर तिच्या पहिल्या विवाहाचा पुत्र लुलाख काही महिने गादीवर बसला. बँको तर इतिहासात सापडतच नाही. तो उत्तरकालीन बखरकारांची निर्मिती मानला जातो.

म्हणजे ज्या वंशरक्ताचा एवढा अभिमान धरला गेला, ते कल्पित निघाले. रात्री झोपेत हात चोळणाऱ्या त्या स्त्रीचे रक्तही कविकल्पितच. पण ते मात्र खोटे ठरविता आलेले नाही. वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘राजमुकुट’ या नावाने हे नाटक मराठीत आणले, तेव्हा स्कॉटलंडच्या गादीच्या वारसाशी मराठी प्रेक्षकाला काही कर्तव्य नव्हते. त्याला ओळखीचे वाटले ते हातांवरचे रक्त. इतिहासकार वंशावळी तपासून दुरुस्त करू शकतो. अपराध्याच्या हातांवरचा तो डाग पुसण्याचा अधिकार त्यालाही नाही.