फ्रेंच नव्हे, ओगलेवाडीचा!

पुण्यात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेल्या महिन्यात एक कंदील पाहिला. खाली चिठ्ठी: 'फ्रेंच, हाताने फुंकलेली काच'. किंमत विचारली आणि गपचूप बाहेर आलो. पण डोक्यात किडा वळवळायला लागला, अरे, असलाच एक कंदील आपल्या नवेगाव बांधच्या घरी माळ्यावर पडलाय!

दिवाळीत गेलो तेव्हा काढला. धूळ पुसली तर टाकीच्या पत्र्यावर अक्षरं उमटली: प्रभाकर. म्हणजे फ्रान्स वगैरे काही नाही, थेट कऱ्हाडजवळची ओगलेवाडी. फ्रान्सला मात्र थोडं श्रेय द्यावंच लागेल. आमी आर्गां या स्विस माणसाने 1780 च्या दशकात पोकळ वातीचा दिवा काढला, आणि पॅरिसच्या कँके नावाच्या औषधविक्याने तसलाच दिवा काचेच्या चिमणीसकट विकला. चिमणी मूळ कोणाची यावरून भांडण झालं, पण फ्रेंच लोक दिव्यालाच 'कँके' म्हणायला लागले. चिमणी म्हणजे नुसता वाऱ्याचा आडोसा नव्हे. आतली गरम हवा वर चढते, खालून ताजी हवा ओढली जाते, ज्योत उजळते. काच फुटली की दिव्याचा जीवच गेला.

आपल्याकडे हीच काच बाहेरून यायची. वाड्यांतल्या आणि देवळांतल्या हंड्या-झुंबरंसुद्धा. मग अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, टिळकांनी पाठबळ दिलं, आणि 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. त्यानंतर 1916 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंचा. कंदिलाला नाव 'प्रभाकर'. बंधूंच्या वडिलांचंही नाव प्रभाकरच, आणि अर्थ सूर्य. असं ब्रँडिंग आम्हाला कोणी शिकवलं नाही!

आता मला भावलेली गोष्ट. काच उजेडात धरली तर आत दोन बुडबुडे. एका अंगाला किंचित जाड, तिकडून पाहिलं की अंगणातलं तुळशीवृंदावन वाकडं दिसतं. लोखंडाचा अंश असलेल्या वाळूमुळे येते तशी हिरवट झाक. कोणीतरी नळीतून फुंकर मारली आणि रस पुरता गाळून व्हायच्या आत साच्यात धरला, त्याचा हा पुरावा. (जुनी काच हळूहळू खाली वाहते म्हणून जाड होते, ही थाप आहे हं. घडवतानाच ती तशी होते.)

पुण्यातल्या दुकानात याच खोडींचे पैसे मोजतात. पण ओगलेवाडीच्या भट्टीपुढच्या माणसाला हा बुडबुडा दिसला असता तर तो खजील झाला असता. त्याची स्पर्धा नितळ परदेशी मालाशी होती. काच एका बाजूला जाड असली किंवा सावकाश थंड केली नसली तर पावसाचा एक थेंब पडताच तडा जायचा, आणि गिऱ्हाईक म्हणणार, 'देशी माल असाच!' स्वदेशीच्या व्याख्यानांनी ती काच टिकणार नव्हती. टिकली ती भट्टीच्या नियंत्रणाने. आज तो कारखाना चालत नाही, आणि ज्या दोषांशी ते झगडले ते दोष आम्ही कौतुकाने फोटोत टिपतो. मीही टिपला, खोटं कशाला बोलू.

दुकानात विचारून बघावं का, असं आजीला म्हणालो. ती म्हणाली, "कायले विकतो बाबू? लाइट गेली तर तुझं ते मोबाइल जाळू काय?"

लोडशेडिंगच्या दिवसांत पाचवी-सहावीचा अभ्यास मी याच्याच उजेडात केला होता. तेव्हा काचेत बुडबुडे आहेत हे एकदाही दिसलं नव्हतं. काजळी मात्र रोज राखेने घासावी लागायची, आणि ती पाळी नेमकी माझीच.

या वेळीही मीच घासला. वात कापली, रॉकेल मिळेना म्हणून नुसताच ठेवला, देवघराशेजारी.