कॅप्रिसा

कॅप्रिसा ही दक्षिण आफ्रिकेतील डर्बन या शहरातील एचआयव्ही व एड्स या विषयाला वाहिलेली संशोधनसंस्था आहे. 'सेंटर फॉर द एड्स प्रोग्राम ऑफ रिसर्च इन साउथ आफ्रिका' या पूर्ण नावाच्या आद्याक्षरांवरून हे संक्षिप्त नाव तयार झाले. संस्थेची स्थापना २००२ मध्ये झाली. ती क्वाझुलु-नाताल विद्यापीठाशी संलग्न असून विद्यापीठाच्या नेल्सन आर. मंडेला वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात तिचे मुख्य कार्यालय व प्रयोगशाळा आहेत. साथरोगतज्ज्ञ सलीम अब्दुल करीम हे संस्थेचे संचालक, तर क्वारैशा अब्दुल करीम या सहयोगी वैज्ञानिक संचालक आहेत. तरुण स्त्रियांमधील एचआयव्हीचा प्रतिबंध, क्षयरोग व एचआयव्ही यांचा एकत्रित उपचार आणि विषाणूविरोधी प्रतिपिंडांचा शोध या तीन क्षेत्रांतील कार्यासाठी ही संस्था प्रामुख्याने ओळखली जाते.

पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिका हा जगातील सर्वाधिक एचआयव्हीबाधित लोकसंख्येचा देश आहे आणि त्यातही क्वाझुलु-नाताल प्रांतात संसर्गाचे प्रमाण खूप जास्त आहे. १९९० च्या सुमारास साथ नुकतीच पसरू लागली असताना क्वारैशा अब्दुल करीम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रांतात पाहणी केली. त्या वेळी बाधितांचे एकूण प्रमाण कमी होते. परंतु पुरुषांच्या मानाने स्त्रियांमध्ये, विशेषतः तरुण मुलींमध्ये, संसर्ग अधिक आढळला. संस्थेच्या पुढील बहुतेक संशोधनाचे मूळ या निरीक्षणात आहे.

डर्बनमध्ये २००० साली तेरावी आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली. एचआयव्हीमुळेच एड्स होतो या वैज्ञानिक सत्याविषयी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी शंका उपस्थित केल्याने देशात मोठा वाद चालू होता. सरकारी रुग्णालयांतून विषाणुरोधक औषधांचा कार्यक्रम २००४ पर्यंत सुरू झाला नाही. औषधे उपलब्ध असूनही रुग्ण मरत होते, अशा काळात संस्थेची उभारणी झाली.

स्थापना आणि रचना

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने विकसनशील देशांतील एड्स संशोधनासाठी सुरू केलेल्या योजनेतून मिळालेल्या अनुदानावर संस्थेची स्थापना झाली. स्थापनेच्या वेळी पाच संस्था एकत्र आल्या: नाताल विद्यापीठ (२००४ पासून क्वाझुलु-नाताल विद्यापीठ), केपटाउन विद्यापीठ, वेस्टर्न केप विद्यापीठ, दक्षिण आफ्रिकेची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था आणि न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठ. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने संस्थेला एचआयव्ही प्रतिबंधाच्या संशोधनाचे सहयोगी केंद्र म्हणून मान्यता दिली.

संस्थेची संशोधन चिकित्सालये डर्बन शहरात तसेच पीटरमारित्झबर्गजवळील वुलिंडलेला या ग्रामीण भागात आहेत. डर्बनमधील एथेक्विनी चिकित्सालय क्षयरोग व लैंगिक संक्रमणाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या नगरपालिकेच्या मोठ्या दवाखान्याला लागून आहे. संशोधनाची जागा रुग्ण जेथे मुळातच येतात त्याच्या शेजारी असल्यामुळे उपचार आणि संशोधन यांची सांगड घालणे सोपे झाले.

सहकार्याची पद्धत

एचआयव्हीवरील संशोधन एका शाखेच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी रुग्णांशी वर्षानुवर्षे संपर्क ठेवणारे चिकित्सालय, नमुने उणे ८० अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमानात जपणारी प्रयोगशाळा, संख्याशास्त्रज्ञ, औषधशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ हे सर्व लागतात. प्रत्येक संशोधकाने ही व्यवस्था स्वतंत्रपणे उभी करणे खर्चिक व अव्यवहार्य असते. विद्यापीठाशी संलग्न केंद्र ती एकदाच उभी करते व सहयोगी संस्थांना वापरू देते.

कॅप्रिसामध्ये या सामाईक व्यवस्थेचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत:

चिकित्सालये: येथे सहभागींची नोंदणी, समुपदेशन, तपासणी व पाठपुरावा होतो.
प्रयोगशाळा व नमुन्यांचा साठा: एका अभ्यासासाठी घेतलेले नमुने, सहभागींच्या संमतीने व नीतिसमितीच्या परवानगीने, पुढील अभ्यासांसाठी वापरता येतात.
माहिती व्यवस्थापन व संख्याशास्त्र विभाग: चाचणीची आखणी, नोंदींची पडताळणी व विश्लेषण हे त्याचे काम आहे.
औषधभांडार: चाचणीतील औषधाचे वितरण व त्याचा काटेकोर हिशेब येथे ठेवला जातो.
समाजसंपर्क विभाग: स्थानिक रहिवाशांच्या सल्लागार मंडळांशी हा विभाग संवाद साधतो.

साठवलेल्या नमुन्यांचे महत्त्व पुढील एका उदाहरणावरून लक्षात येते. टेनोफोविर जेलच्या चाचणीत (खाली पाहा) घेतलेले नमुने काही वर्षांनी अमेरिका व कॅनडातील शास्त्रज्ञांनी कॅप्रिसाच्या साहाय्याने तपासले. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू प्रबळ असलेल्या स्त्रियांमध्ये जेलमुळे संसर्ग ६१ टक्क्यांनी, तर इतर स्त्रियांमध्ये केवळ १८ टक्क्यांनी घटला होता. गार्डनरेलासारखे जिवाणू औषधाचे विघटन करतात, असे प्रयोगशाळेत आढळले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

प्रमुख संशोधन

क्षयरोग व एचआयव्ही यांचा एकत्रित उपचार

दोन्ही आजार असलेल्या रुग्णाला आधी क्षयरोगाचे औषध पूर्ण द्यावे आणि मग विषाणुरोधक औषधे सुरू करावीत, असा प्रघात पूर्वी होता. औषधांची परस्परक्रिया, गोळ्यांची मोठी संख्या आणि प्रतिकारशक्ती अचानक सुधारल्यामुळे उद्भवणारी दाहक प्रतिक्रिया ही त्यामागील कारणे होती. 'सॅपिट' या चाचणीत ६४२ रुग्णांवर हा प्रघात तपासण्यात आला. दोन्ही उपचार एकत्र घेणाऱ्यांमधील मृत्युदर ५६ टक्क्यांनी कमी आढळला. हा फरक इतका स्पष्ट होता की सुरक्षा समितीच्या शिफारशीवरून २००८ मध्ये उशिरा उपचार देण्याचा गट बंद करून त्यातील रुग्णांनाही औषधे सुरू करण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील निष्कर्षांनुसार सीडी४ पेशींची संख्या ५० पेक्षा कमी असलेल्या रुग्णांना विषाणुरोधक औषधे लगेच सुरू करणे हितावह ठरते. इतरांमध्ये काही आठवडे थांबल्यास दाहक प्रतिक्रियेचा धोका घटतो.

टेनोफोविर जेल

कंडोमचा वापर पुरुषाच्या संमतीवर अवलंबून असतो. स्त्रीला स्वतःच्या हाती ठेवता येईल असे साधन शोधणे हा 'कॅप्रिसा ००४' या चाचणीचा हेतू होता. २००७ ते २०१० या काळात १८ ते ४० वर्षे वयाच्या ८८९ स्त्रिया तीत सहभागी झाल्या. निम्म्या स्त्रियांना टेनोफोविर हे औषध असलेले, तर निम्म्यांना औषध नसलेले जेल देण्यात आले. औषधयुक्त जेलच्या गटात ३८ आणि दुसऱ्या गटात ६० स्त्रियांना संसर्ग झाला. संसर्गाच्या दरातील ही घट ३९ टक्के होती. जेल नियमित वापरणाऱ्यांमध्ये ती ५४ टक्के होती. जुलै २०१० मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत हे निष्कर्ष जाहीर झाले. विषाणुरोधक औषध असलेल्या जेलने लैंगिक मार्गाने होणारा संसर्ग रोखता येतो, याचा तो पहिला पुरावा होता.

प्रतिपिंडांचा शोध

'कॅप्रिसा ००२' या २००४ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात नुकताच संसर्ग झालेल्या स्त्रियांचे दीर्घकाळ निरीक्षण करण्यात आले. 'कॅप २५६' या सांकेतिक क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सहभागीच्या शरीरात एचआयव्हीच्या अनेक प्रकारांना निष्प्रभ करणारे प्रतिपिंड आढळले. राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था व अमेरिकेतील लस संशोधन केंद्र यांच्या सहकार्याने या प्रतिपिंडांची जडणघडण उलगडण्यात आली. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावर आधारित प्रतिपिंडाच्या मानवी चाचण्या कॅप्रिसाने हाती घेतल्या.

संसर्गाची साखळी

वुलिंडलेला व परिसरातील विषाणूंच्या जनुकीय अनुक्रमांची तुलना करून संसर्ग कोणाकडून कोणाकडे जातो याचा माग काढण्यात आला. पंचविशीच्या आतील स्त्रियांना होणारा संसर्ग बहुधा त्यांच्यापेक्षा सरासरी सुमारे ९ वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून येतो, असे २०१७ मध्ये दिसून आले. त्यामुळे केवळ मुलींना उपदेश करून साथ थांबणार नाही, तिशीतील पुरुषांपर्यंत तपासणी व उपचार पोचले पाहिजेत, या मताला पुष्टी मिळाली.

प्रशिक्षण

कोलंबिया विद्यापीठाच्या सहकार्याने १९९३ पासून चालणाऱ्या फोगार्टी प्रशिक्षण कार्यक्रमाचे संचालन क्वारैशा अब्दुल करीम यांच्याकडे आहे. या कार्यक्रमातून दक्षिण आफ्रिका व शेजारच्या देशांतील सहाशेहून अधिक संशोधकांनी प्रशिक्षण घेतले.

मर्यादा

जेलच्या यशाची पुढील चाचण्यांत पुनरावृत्ती झाली नाही. दोन हजारांहून अधिक स्त्रियांचा सहभाग असलेल्या 'फॅक्ट्स ००१' या चाचणीत २०१५ मध्ये जेल परिणामकारक आढळले नाही. सहभागींपैकी बहुसंख्य तरुण व अविवाहित होत्या आणि अनेकजणी आईवडिलांच्या घरी राहत होत्या. जेलचा नियमित वापर त्यांना जमला नाही. हे जेल त्यामुळे बाजारात आले नाही. औषध गुणकारी असणे आणि ते प्रत्यक्ष जीवनात वापरता येणे या वेगळ्या बाबी आहेत, हा त्यातून मिळालेला धडा होय. सहा महिन्यांतून एकदा टोचल्या जाणाऱ्या लेनाकापाविर या औषधाने दक्षिण आफ्रिका व युगांडातील तरुण स्त्रियांमध्ये संसर्ग रोखल्याचे २०२४ मध्ये सिद्ध झाले, तेव्हा दररोज लक्षात ठेवावे न लागणाऱ्या साधनाचे महत्त्व अधोरेखित झाले.

परदेशी अनुदानावरील अवलंबित्व ही दुसरी मर्यादा आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेच्या अर्थसाहाय्यात मोठी कपात केली व तिचा फटका देशातील एचआयव्ही संशोधनाला बसला.

सन्मान

सलीम व क्वारैशा अब्दुल करीम यांना २०२० मध्ये जॉन डर्क्स कॅनडा गेर्डनर जागतिक आरोग्य पुरस्कार आणि २०२४ मध्ये लास्कर-ब्लूमबर्ग लोकसेवा पुरस्कार संयुक्तपणे देण्यात आला.

हेही पाहा

एचआयव्ही
एड्स
क्षयरोग
क्वाझुलु-नाताल विद्यापीठ