लहरी वायफायचे निदान

संगणकाची कार्यप्रणाली अपग्रेड केली आणि दुसऱ्या दिवसापासून वायफाय रुसले, ही तक्रार विंडोज, मॅक, उबंटू असा भेद करत नाही. पूर्ण बंद पडलेल्या जोडणीची चिकित्सा त्या मानाने सोपी, कारण तपासायला बसावे तेव्हा बिघाड हजर असतो. अवघड असते ती अधूनमधून तुटणारी जोडणी. ती थोडा वेळ चालते, मग गोठते, आणि आपण काही करायला जावे तोवर पुन्हा चालू लागते. अशा बिघाडावर कोणताही उपाय केला तरी तो काही काळ लागू पडल्यासारखा दिसतो, कारण काहीच केले नसते तरी जोडणी तेवढा काळ चाललीच असती. राऊटर ऑफ-ऑन केला, पासवर्ड पुन्हा टाकला, अँटिव्हायरस काढला. यांपैकी जे शेवटी केले त्याला श्रेय मिळते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते ती अशी.

उपाय लागू पडला म्हणून निदान बरोबर ठरत नाही. अपग्रेडनंतरच्या बिघाडात तर हे अधिकच खरे, कारण एका अपग्रेडमध्ये ड्रायव्हर, वीजबचतीच्या सवयी, पत्ते मागण्याची रीत, नावे शोधणारा प्रोग्राम असे बरेच काही एकाच वेळी बदललेले असते. तेव्हा बिघाड कुठे आहे हे उपायाआधी, स्वतंत्र कसोट्यांनी ठरवावे लागते.

थर कोणते

आपण ज्याला सरसकट वायफाय म्हणतो त्यात किमान चार निराळी कामे असतात. पहिला थर रेडिओ दुव्याचा, म्हणजे संगणकातले कार्ड आणि राऊटर यांच्यातली हवेतली देवाणघेवाण. दुसरा पत्त्याचा. दुवा जुळला की डीएचसीपी या पद्धतीने राऊटर संगणकाला ठरावीक मुदतीसाठी एक अंकी पत्ता देतो. तिसरा नावाचा. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधणारी डीएनएस व्यवस्था इथे येते. चौथा थर राऊटरच्या पलीकडचा, म्हणजे केबलवाल्याची किंवा फायबर कंपनीची वाहिनी. चारांपैकी काहीही अडले तरी आपल्याला दिसते ते एकच, पान उघडत नाही. कोपऱ्यातल्या वायफायच्या पट्ट्या पहिल्या थराबद्दलच सांगतात, आणि तेही फक्त सिग्नलच्या जोराबद्दल.

योसेमिटीचा धडा

थर न ओळखता उपाय केल्याने काय होते, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण ॲपलचे आहे. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी मॅकसाठी योसेमिटी, म्हणजे १०.१० ही आवृत्ती आली. ती विनामूल्य होती, त्यामुळे अनेकांनी लगेच घेतली, आणि वायफाय तुटते, रेंगाळते अशा तक्रारी सुरू झाल्या. १७ नोव्हेंबरच्या १०.१०.१ मध्ये वायफाय अधिक भरवशाचे केल्याचे कंपनीने सांगितले. २७ जानेवारी २०१५ च्या १०.१०.२ मध्ये वायफाय तुटण्याचा एक दोष काढल्याचे सांगितले. तक्रारी तरीही चालूच राहिल्या. दरम्यान लोकांनी आपापले उपाय शोधले होते, आणि गंमत अशी की ते परस्परांशी जुळत नव्हते. एकाला ज्याने हमखास गुण आला त्याचा दुसऱ्याला काडीचा उपयोग होत नव्हता.

याचे कारण, बिघाड एक नव्हताच. एक दोष नावाच्या थरात होता. मॅकमध्ये नावे शोधण्याचे काम वर्षानुवर्षे एमडीएनएसरिस्पॉन्डर नावाचा प्रोग्राम करत असे. योसेमिटीत त्याला काढून डिस्कव्हरीडी हा नव्याने लिहिलेला प्रोग्राम बसवला गेला, आणि तो पुरता पिकलेला नव्हता. तो अडकला की पाने उघडेनाशी होत. घरच्या जाळ्यावर मॅकच्या नावापुढे आपोआप कंसात २, ३ असे आकडे चढत, जणू त्याच नावाचे दुसरे यंत्र घरात शिरले आहे.

दुसरा दोष रेडिओच्या थरातला होता. योसेमिटीपासून फायली थेट हवेतून पाठवणारा एअरड्रॉप मॅक आणि आयफोन यांच्यात चालू लागला. तो ॲपल वायरलेस डायरेक्ट लिंक या खाजगी पद्धतीवर उभा आहे. २०१८ साली जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी तिची उकल प्रसिद्ध केली. तीत शेजारची उपकरणे ठरलेल्या चॅनेलवर एकमेकांना भेटतात: २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ६, आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ४४ किंवा १४९. कार्डातला रेडिओ मात्र एकच. राऊटर ३६ व्या चॅनेलवर असेल आणि भेटीची जागा ४४ व्या, तर रेडिओला राऊटरला क्षणभर सोडून तिकडे डोकावून यावे लागते. अशा फेऱ्या वाढल्या की व्हिडिओ कॉल अडखळतो, पण दुवा तुटल्याची नोंद कुठेच होत नाही.

ज्याचा त्रास डिस्कव्हरीडीचा होता त्याला तो प्रोग्राम पुन्हा सुरू केल्याने आराम पडे. ज्याचा रेडिओचा होता त्याला एअरड्रॉपची ती वाट बंद केल्याने किंवा राऊटरचा चॅनेल बदलल्याने. आणि दोघेही आपलाच उपाय खरा म्हणून सांगत होते. वास्तविक राऊटरला सतत पिंग, म्हणजे उत्तर मागणारे छोटे संदेश, पाठवून दोघांना वेगळे करता आले असते. पहिल्या प्रकारात उत्तरे एकसारख्या वेळेत परततात, दुसऱ्यात त्यांची वेळ वर-खाली उड्या मारते. ३० जून २०१५ च्या १०.१०.४ मध्ये ॲपलने डिस्कव्हरीडी गुपचूप काढून जुना एमडीएनएसरिस्पॉन्डर परत आणला. सूचनेत लिहिले ते इतकेच, की नेटवर्क अधिक भरवशाचे केले आहे. दोषाचे नाव सांगायचे नाही ही उत्पादकांची सवय वापरणाऱ्यांमध्ये तोडगे रुजवते, असे माझे मत आहे.

कसोट्या

बिघाड चालू असतानाच तीन प्रश्न विचारावेत. तो सरल्यावर केलेली तपासणी फुकट. पहिला, राऊटर उत्तर देतो का? त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. त्याला सतत पिंग लावून ठेवले की उत्तर साधारण काही मिलिसेकंदांत यावे. ते शेकड्यांत गेले किंवा गळू लागले तर रेडिओवर संशय घ्यावा. (काही राऊटर पिंगला कामाच्या घाईत दुय्यम मानतात, म्हणून एकदोन सुटलेल्या उत्तरांवरून निकाल देऊ नये.) उत्तर मुळीच येत नसेल तर आधी आपल्या संगणकाला पत्ता मिळाला आहे का ते पाहावे. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर डीएचसीपीकडून काही आलेलेच नाही, संगणकाने स्वतःच एक पत्ता घेऊन वेळ मारून नेली आहे. दुसरा, राऊटर उत्तर देतो, पण ८.८.८.८ सारखा बाहेरचा अंकी पत्ता देतो का? १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर डीएचसीपीकडून काही आलेलेच नाही, संगणकाने स्वतःच एक पत्ता घेऊन वेळ मारून नेली आहे. देत नसेल तर केबलवाल्याला फोन करायला हरकत नाही. तिसरा, अंकी पत्ता उत्तर देतो पण नावाने काही उघडत नाही, असे आहे का? मग दोष नावाच्या थरात आहे, आणि त्या वेळी राऊटर गॅलरीतून हॉलमध्ये आणण्यात अर्थ नाही.

विंडोजमध्ये नेटश आज्ञेने वायफायचा अहवाल काढला की गेल्या तीन दिवसांतली प्रत्येक जोडणी आणि तुटणे, कारणासह, तक्त्यात दिसते. मॅकमध्ये ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की चॅनेल, सिग्नल आणि गोंगाट यांचे आकडे येतात. सिग्नल उणे ५० डीबीएमच्या आसपास असूनही जोडणी तुटत असेल तर भिंतींना दोष देऊ नये.

बिघाड केव्हा होतो, हेही साक्षीदारासारखे वापरता येते. झोपवलेला लॅपटॉप उठवल्यावरच तो येत असेल तर वीजबचत संशयित. घड्याळ लावल्यासारखा येत असेल तर मुदतींकडे पाहावे. डीएचसीपीच्या नियमाप्रमाणे निम्मी मुदत सरल्यावर संगणक पत्त्याचे नूतनीकरण मागतो, म्हणजे चोवीस तासांच्या मुदतीत बाराव्या तासाला. पुष्कळ राऊटर सुरक्षेची सामूहिक किल्ली तासातासाने बदलतात, आणि नव्या ड्रायव्हरला तो बदल पचला नाही तर दर तासाला एक झटका बसतो.

आणि एक संशयित असा, की ज्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही. यूएसबी ३ च्या तारा आणि जोडण्या नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ साली मोजमापांसह हे मांडले. आता शहाणा माणूस अपग्रेडआधी काय करतो? बॅकअपसाठी बाहेरची डिस्क जोडतो. ती पुढे तशीच लॅपटॉपला लटकलेली राहते, आणि शिव्या खाते नवी कार्यप्रणाली.

अपग्रेड नेमके काय बदलते

पत्त्याच्या थराचे उदाहरण डिसेंबर २०१६ चे. विंडोज १० असलेल्या अनेक संगणकांना, विशेषतः ब्रिटनमध्ये, डीएचसीपीकडून पत्ताच मिळेना. मायक्रोसॉफ्टने सांगितले की संगणक रीस्टार्ट करा, शटडाउन करून पुन्हा सुरू करू नका. ऐकायला हे विचित्र वाटते. पण जलद सुरुवातीच्या सोयीमुळे विंडोजमध्ये शटडाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते.

जुन्याचे अवशेष हा दुसरा प्रकार. २०१५ मध्ये विंडोज ८.१ वरून १० वर गेलेल्या काही संगणकांत वायफाय दिसेनासेच झाले, कारण जुन्या व्हीपीएन प्रोग्रामने जाळ्याच्या वाटेत बसवलेली गाळणी नव्या प्रणालीत चालत नव्हती आणि आपोआप निघतही नव्हती. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर असा अपग्रेड केला असेल तर ड्रायव्हरआधी व्हीपीएन पाहावा.

कधीकधी बिघाड म्हणजे चांगल्या हेतूने केलेला बदलही असतो. लिनक्सवरील नेटवर्कमॅनेजरची १.४ ही आवृत्ती २०१६ मध्ये आली. पाळत टाळावी म्हणून तिने आसपासचे वायफाय धुंडाळताना कार्डाचा खरा हार्डवेअर पत्ता लपवून बनावट पत्ता वापरायला सुरुवात केली. उबंटू १७.०४ वर गेलेल्या कित्येकांचे यूएसबी वायफाय त्यामुळे जोडलेच जाईना. एका सेटिंगने तो बनाव बंद केला की काम भागत असे. फोनमध्ये आणि अलीकडच्या मॅकमध्येही आता प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनावट पत्ता वापरला जातो. ज्या वसतिगृहात किंवा ऑफिसात हार्डवेअर पत्ता नोंदवूनच प्रवेश मिळतो तिथे अपग्रेडनंतर अडल्यास आधी हीच खूण तपासावी. वीजबचतीचेही तसेच आहे. उबंटू वायफायची वीजबचत आपणहून चालू ठेवतो. नेटवर्कमॅनेजरच्या एका छोट्या फायलीतला ३ हा आकडा २ केला की ती थांबते. बचत चालू असताना कार्ड डुलक्या घेते आणि राऊटरची हाळी ऐकायला मधूनमधून जागे होते. ती हाळी बहुधा १०२.४ मिलिसेकंदांनी येते. दुसऱ्या यंत्रावरून लॅपटॉपला पिंग केले आणि उत्तरे शंभराच्या आसपास हेलकावे खाऊ लागली, की डुलकी पकडली गेली.

अन्वय आणि व्यतिरेक

संशयिताला दोषी ठरवायचे तर आपल्याकडच्या तर्कशास्त्राची जुनीच रीत पुरते: तो असताना बिघाड असावा (अन्वय), तो नसताना नसावा (व्यतिरेक). दुसऱ्या फोनवर त्याच राऊटरचे नेट नीट चालते, एवढ्यावर थांबणे अपुरे. फोन कदाचित ५ गिगाहर्ट्झवर असेल आणि लॅपटॉप २.४ वर. उलट बाजूही तपासावी, लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर लावून. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बिघाड नेहमी जितक्या अंतराने येतो त्याच्या कित्येक पट वेळ वाट पाहावी. लिनक्सवाल्यांना इथे एक सुख आहे. सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल, म्हणजे प्रणालीचा जुना गाभा, निवडता येतो. बाकी सगळे तेच, फक्त कर्नल आणि त्याचे ड्रायव्हर जुने. यापेक्षा नेटका व्यतिरेक घरबसल्या मिळणे कठीण.

पूर्वपक्ष असा, की सामान्य माणसाला एवढा खटाटोप कशाला, विंडोजमधले नेटवर्क रीसेट एकदा दाबावे. ज्याला संध्याकाळी मुलाखत द्यायची आहे त्याने ते खुशाल दाबावे. पण त्याने कार्डे उपटून पुन्हा बसवली जातात, जतन केलेले पासवर्ड आणि जुळणी पुसली जाते, आणि बिघाड आठवड्याने परतला तर हातात पुरावा म्हणून काहीच उरत नाही.

दोष अपग्रेडमध्येच आहे हे ठरल्यावरही संपूर्ण प्रणाली मागे नेण्याची घाई नको. विंडोजमध्ये ती मुभा एरवी दहा दिवसच असते, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ संपल्यामुळे ११ वरून तिकडे परतणे सुरक्षेच्या दृष्टीने महाग पडते. आधी एकट्या ड्रायव्हरला मागे न्यावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचे बटण असते, पण मागचा ड्रायव्हर शिल्लक नसेल तर ते फिके दिसते. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवावा लागतो. त्यासाठी नेट हवे, आणि तेच तर तुटते आहे. अशा वेळी फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला लावून टेदरिंग चालू करावे. त्या वाटेत वायफायच्या कार्डाचा संबंधच येत नाही.