सून घरात घेणारी रात्र
नोएल कावर्डच्या ‘ईझी व्हर्च्यू’ या नाटकात घटस्फोट झालेली लॅरिटा एका इंग्रज जमीनदार घराण्यात सून म्हणून येते, सासू तिला आपली मानत नाही आणि शेवटी लॅरिटा घर सोडून जाते. १९२५ साली आलेल्या या नाटकावर हिचकॉकने मूकपट काढला आणि २००८ मध्ये स्टीफन एलिअटने विनोदी चित्रपट केला. लॅरिटाचा घटस्फोट त्या घराला कलंक वाटतो, म्हणून नाटक उभे राहते. पूर्व विदर्भातल्या, तेव्हाच्या मध्यप्रांतातल्या सौंदडच्या मुलखात त्याच काळी हा कलंक एवढा मोठा ठरला नसता. रसेल आणि हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. कुणब्यांत काडीमोड चाले आणि विधवेचा पाट लागे, अशी नोंद त्यात आहे. पाटाला पहिल्या लग्नाचा थाट नसे, मान कमी असे, पण बाई पुन्हा नांदती होई. नवी सून नको म्हणायची इथली कारणे वेगळी होती: जात, शेती, माहेरची ऐपत.

त्याच १९१६ साली पुण्यामुंबईच्या प्रेक्षकांसाठी देवलांचे ‘संशयकल्लोळ’ संगीत रूपात रंगमंचावर आले. नायकिणीची मुलगी रेवती आणि प्रतिष्ठित अश्विनशेठ यांच्या प्रेमात संशय आडवा येतो, सासर मात्र येत नाही, कारण अश्विनशेठच्या आईवडिलांना नाटकात जागाच नाही. देवलांनी सर्वांत अवघड माणसे बाहेर ठेवली, म्हणून त्यांचा विनोद इतका हलका राहिला. झाडीपट्टीच्या, म्हणजे याच पूर्व विदर्भातल्या नाटकाला ती सवलत कधीच नव्हती. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत होते आणि रात्रभर नाटक चालते. गोंदियाहून वडशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे सौंदड याच पट्ट्यातले, आणि वडसा म्हणजे नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. नाटकाच्या निमित्ताने लेकी-जावई, व्याही, पाहुणे गावात येतात. बोलणी निघतात, सोयरिकी जुळतात. म्हणजे रंगमंचावर सासू सुनेला छळते तेव्हा समोर खऱ्या सासवा, खऱ्या सुना आणि उद्याच्या सुना शेजारी शेजारी बसलेल्या असतात. अशा मांडवात नाटककाराला सून बाहेर काढून पडदा पाडणे परवडत नाही. बहुधा पहाटेपर्यंत घराला तिला आत घ्यावेच लागते, आणि माझ्या मते या नाटकाचा शेवट कसा व्हावा हे त्या बसण्याच्या रीतीनेच ठरवले आहे.

कोणी म्हणेल, झाडीपट्टीचे नाटक रडवणारे आहे, त्याला देवलांच्या विनोदी नाटकाशेजारी बसवायचे कशाला? पण झाडीपट्टीत विनोदी नट हा तोंडी लावण्यापुरता नसतो. रडवणाऱ्या दोन प्रवेशांच्या मध्ये येऊन तो सासऱ्याच्या ताठ्यावर थेट बोलतो आणि घरातल्या कोणाला बोलता येत नाही ते गावासमोर बोलून टाकतो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तो मान या कामाचाही आहे. दुसरा आक्षेप उसनवारीचा. हिंदी सिनेमाचे कथानक इथे येते हे खरे, पण देवलांचे कथानकही मूळ मोलिएरचे, तेही मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आलेले, आणि त्यावरून ‘संशयकल्लोळ’ला कोणी परके ठरवत नाही. तिसरा आक्षेप मला खरोखर जड वाटतो: शेवटच्या मिलापात सुनेचे सोसणेच गौरवले जाते आणि सासरची सत्ता जागच्या जागी राहते. लॅरिटा निघून जाते तेव्हा निदान तिचा निर्णय तिचा असतो. हे मान्य करावेच लागते. मात्र लॅरिटाला जायला मोटार होती, पैसा होता, परकी शहरे होती. पाट लागून आलेल्या बाईला धान कापणीच्या दिवसांत त्याच गावात, त्याच विहिरीवर जायचे असे. तिच्यासाठी घरात घेतले जाणे म्हणजे भाकरीची आणि निवाऱ्याची सोय होती, आणि रात्रभर जागणाऱ्या बायकांना ते नाटककारापेक्षा चांगले ठाऊक होते.