पावसाळ्यानंतर विहिरीवरचा पंप

दख्खनच्या पठारावर विहिरीतून पाणी उपसण्याची साधने पावसाळ्याचे तीन-चार महिने पडून राहत. दसऱ्यानंतर रब्बीची पेरणी झाली की तीच साधने रोज लागत. इतके दिवस बंद राहिलेले साधन पुन्हा चालते करणे हे शेतीतले एक स्वतंत्र काम होते आणि साधने बदलली तसे तेही बदलत गेले.

मोटेच्या, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामडी पखालीच्या, काळात हे काम चामड्याचे होते. बैल धावेच्या उतारावरून उतरत, नाडा म्हणजे मोटेचा दोर ताणला जाई आणि मोट वर येऊन काठच्या थारोळ्यात पाणी ओती. कोरडे पडलेले कातडे कडक होऊन चिरते, म्हणून मोट आधी पाण्यात भिजवायची, मग तेल चोळून मऊ करायची. शिवण उसवली असेल तर चांभाराकडे आणि दोर झिजला असेल तर मांगाकडे जावे लागे. बलुतेदारीत या कामाची जागा ठरलेली होती.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरापाठोपाठ तेथे पंपही होऊ लागले. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. त्यानंतर डिझेल इंजिन व पट्ट्यावर फिरणारा पंप ही जोडी विहिरींवर हळूहळू मोटेची जागा घेऊ लागली.

या जोडीला एक नैसर्गिक मर्यादा होती. पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या आधाराने. हिशेबाने पाणी असे ओढता येण्याची उंची सुमारे 10 मीटर येते, प्रत्यक्षात 6-7 मीटरच मिळते. अनेक विहिरी त्याहून खोल असल्याने पंप विहिरीच्या आतल्या ओट्यावर बसवावा लागे. पावसाळ्यात पाणी वर चढले की तो बुडण्याची भीती, म्हणून मृगाच्या आधी तो दोरांनी वर ओढून गोठ्यात ठेवत. लोखंडाला गंज चढायला चार महिन्यांचा दमटपणा पुरेसा होता.

आश्विनात पंप पुन्हा खाली उतरे. आधी त्याचा दांडा हाताने फिरवून पाहायचा. आतला पंखा गंजाने धरला असेल तर जोर न लावता तेल सोडून वाट पाहणे शहाणपणाचे होते, कारण बिडाचे ओतीव काम धक्क्याने तडकते. मग दांड्याभोवतीच्या ग्लँडमधली दोरी तपासायची. ती सुकून कडक झाली असेल तर तिथून हवा शिरते आणि पंप पाणी धरत नाही. खरी कसोटी पाण्यातल्या नळीच्या तळाशी बसवलेल्या फूटव्हॉल्व्हची होती. त्याची चामड्याची झडप वाळली की पंप भरण्यासाठी वरून ओतलेले पाणी खाली निघून जाई. झडप रात्रभर भिजत घालणे हा सरळ उपाय, आणि पाझर थोडासाच असेल तर शेणकाला ओतून फट बुजवत. हा उपाय ओबडधोबड दिसतो, पण शेणातले तंतू फटीत खेचले जाऊन ती खरोखरच बंद होते.

इंजिनाचे काम वेगळे. टाकीच्या तळाशी साठलेले पाणी व गाळ काढायचा, जुने तेल बदलायचे आणि डिझेलच्या नळीतली हवा पूर्ण बाहेर काढायची. हवेचा एक बुडबुडा उरला तरी नॉझलमधून नीट फवारा निघत नाही. त्यानंतर इंजिनाची झडप उचलून धरून हँडल मारायचे आणि चाकाला वेग आला की झडप सोडायची.

खंडेनवमीला अवजारांची पूजा होई, त्यात इंजिनालाही हळद-कुंकू लागे. तिथी नेमकी कामाच्या मोसमाच्या तोंडावर येत असल्याने पूजेआधीची साफसफाई हीच वर्षाची दुरुस्ती ठरे. गावात यंत्राचा मिस्त्री हा नवा कारागीर तयार झाला. तो बलुतेदार नव्हता, रोख मजुरी घेई, आणि त्याची कला जातीने नव्हे, हाताखाली काम करून मिळत असे. दख्खनच्या कारागिरीच्या इतिहासात हा बदल यंत्राइतकाच मोलाचा आहे.

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत विजेच्या मोटारी शिवारात पोहोचल्या. डिझेल आणि हँडल दोन्ही सुटले, मात्र पाणी भरण्याची खटपट व फूटव्हॉल्व्ह राहिले. पाण्यातच बुडून चालणाऱ्या सबमर्सिबल पंपाने तीही संपवली, कारण तो खालून पाणी ढकलतो. तो वर्षभर खालीच राहतो. बराच काळ बंद ठेवल्यास मात्र त्याचेही पंखे गाळाने अडकतात आणि ते मोकळे करण्यासाठी सगळी पाइपलाइन वर ओढावी लागते.